चार पंचवीसची नोंद

भंडारा
२२ सप्टेंबर २०२४

चि. रुचिकाबाईस,

मामाचा वाकून नमस्कार. भाचीच्या पाया मामानं पडायचं ही आपल्याकडची रीत. बाकी कुठलीच रीत मी पाळत नाही, म्हणून ही एक जरा जोरात पाळतो.

विषय : अर्जदाराच्या उजव्या नडगीस होत असलेल्या वारंवार इजेबाबत.

महोदया,

वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या घरी समोरच्या खोलीत दिनांक १२ पासून एक लोखंडी पलंग भाड्याने आणून ठेवण्यात आलेला आहे. सदर पलंगाच्या पायथ्याशी एक दांडा आहे. तो सुलटा फिरवला असता डोक्याकडची बाजू वर येते, उलटा फिरवला असता खाली जाते. काम संपल्यावर दांडा आत सरकावा अशी योजना होती. परंतु दांड्याला ती कोणी कळवलेली दिसत नाही. परिणामी अर्जदार दिवसातून सरासरी अकरा वेळा त्यावर आपटतो. नडगीवर आजमितीस तीन जांभळे आणि दोन पिवळे डाग आहेत. तरी चौकशी समिती नेमावी आणि तीत पलंगाचाही एक प्रतिनिधी घ्यावा, ही विनंती.

झाला अर्ज. आता त्या पलंगावर जी झोपली आहे तिच्याबद्दल. तुझ्या मामीला नागपूरहून घरी आणून दहा दिवस झाले. डोळे उघडे असतात, पण बघत नाही. नाकातून नळी आहे, तीतून पातळ पेज जाते. मेंदूत रक्त सांडलं ते किती, हे डॉक्टरनं मला फोटोवर दाखवलं. मी अठ्ठावीस वर्षं त्या डोक्याशी वाद घातला, आतून पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टर म्हणाला, ओळखीच्या आवाजात बोलत राहा, वाचून दाखवा. मी पेपर वाचला. रविवारच्या पुरवणीतले माझे जुने विनोदी लेख वाचले. ते ती शुद्धीत असतानाही ऐकत नसे, त्यामुळे फरक कळला नाही. मग तुझा फोन तिच्या कानाला लावला आणि तू रडलीस. बाई, तू या घरात पाच वर्षं राहून कॉलेज केलंस, ती सगळी तिच्याशी भांडत. तुझं रडणं तिच्या ओळखीचं नाही.

म्हणून पत्र लिही. मी वाचून दाखवीन. तुझ्या कामाचं लिही. अख्ख्या गल्लीला तिनं सांगून ठेवलंय, आमची रुचिका बंगळुरात ताऱ्यांचे एक्स-रे काढते. एकदा मला विचारलं होतं, "काहून जी काढतेत? तुटलं का त्यायचं काही?" त्याचं उत्तर तू दे.

तुझा
भोजराज मामा


बंगळूर
१ ऑक्टोबर २०२४

मामाजी,

दोन कागद आहेत. पहिला मोठ्यानं वाचा. दुसरा फक्त तुमच्यासाठी.

(पहिला कागद)

मामी, मी रुचिका. तुझा प्रश्न मला आज कळला. हाव, तुटलं.

आकाशात पुष्कळ तारे जोडीनं असतात, एकमेकांभोवती फिरत. त्यातला एक आधी जळून संपतो, फुटतो आणि आक्रसून इवलासा होतो. किती, तर भंडाऱ्यापासून मोहाडीपर्यंत. पण वजन सूर्यापेक्षा जास्त. दुसरा अजून धडधाकट असतो. गंमत अशी की तो मेलेल्याला सोडत नाही. त्याच्याभोवती फिरत राहतो, आणि त्या धडधाकटाच्या अंगचा वायू ओढला जाऊन भोवऱ्यासारखा गरगरत मेलेल्यावर पडत राहतो. पडताना इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. म्हणजे मी ते काढत नाही, ते आपोआप निघतात. मी मोजते. आपल्या हवेतून ते खाली येत नाहीत, म्हणून उपग्रहावर यंत्र ठेवावं लागतं.

माझ्या वाट्याला अशीच एक जोडी आली आहे. दिवसातून एकदा तिचे एक्स-रे थोडेसे वाढतात. रोज. हे याआधी कोणी पाहिलेलं नाही. तुला सांगते, घरी आईलाही अजून सांगितलं नाही. तू उठलीस की गल्लीला सांग, पण या वेळी नीट सांग.

(दुसरा कागद)

मामाजी, डॉक्टर खरंच काय म्हणतात? तुमचा अर्ज वाचून मी हसले आणि मग मला कळलं की मी कशावर हसले. विनोद करू नका असं नाही म्हणत. पण एक ओळ सरळ लिहा.

तुमची
रुचिका


भंडारा
१७ ऑक्टोबर २०२४

चि. रुचिकाबाईस वाकून नमस्कार.

सरळ ओळ मागितलीस, देतो. मंदानं, तुझ्या मामीनं, माझा हात दाबला.

नऊ तारखेला, दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी. मी अर्ध्या दिवसाची रजा मांडून तीनला कचेरीतून येतो. पावणेचारला पुष्पाबाई नळीनं पेज पाजून घरी जाते. ती आमची दिवसाची बाई, आठ ते चार. नंतर मी चहा करतो. साडेचारचा चहा आम्ही अठ्ठावीस वर्षं समोरासमोर बसून घेतला. निम्मी वर्षं न बोलता, पण समोरासमोर. म्हणून मी कप घेऊन तिचा हात हातात धरून बसतो. त्या दिवशी तुझं पत्र वाचून झालं होतं. आणि हात दाबला. सावकाश, पण घट्ट. मग सोडला.

दहाला पुन्हा. अकराला पुन्हा. काल धरून आठ दिवस. चार पंचवीस म्हणजे चार पंचवीस. आमच्या कचेरीत इतकं वेळेवर काहीच होत नाही, कचेरी सुटणं सोडून.

पुष्पाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "होते असं भाऊजी, नस ओढते." डॉक्टरलाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, प्रतिक्षिप्त क्रिया असेल. मी विचारलं, प्रतिक्षिप्त क्रियेला घड्याळ कळते काय? त्यानं दुसराच विषय काढला.

तोच विषय तुला सांगायचा आहे. अशा माणसाला आज ना उद्या छातीत कफ भरून ताप येतोच, म्हणाला. तेव्हा नागपूरला नेऊन गळ्यात नळी घालून यंत्रावर ठेवायचं, की घरीच, आपल्या माणसांत राहू द्यायचं, हे आत्ता ठरवून ठेवा. त्या वेळी ठरवता येत नाही. यंत्रावर ठेवलं तर उतरवणं कठीण, आणि हाल फार.

मंदा आत असेल तर मी तिला यंत्रावर काय, चंद्रावर ठेवीन. आत कोणीच नसेल, तर ते हाल मी कोणाचे करायचे?

मी वही सुरू केली आहे. कारकून माणूस, सगळं लिहितो : पाजलं किती वाजता, पाठ वर-खाली किती वाजता, दाब किती वाजता. ही वही मी तुला पाठवणार. डॉक्टरला एका फोटोवरून कळतं, तू रोजच्या नोंदींवरून काढतेस. तू सांगशील ते मी ऐकेन. पोटच्या मनिषचं नाही, डॉक्टरचं नाही, तुझं.

तुझा मामा


बंगळूर
२६ ऑक्टोबर २०२४

मामाजी,

तुमचं पत्र घेऊन मी वसतिगृहाच्या जिन्यावर बसले आणि तिथंच दोनदा वाचलं. माझ्या खोलीतल्या मुलीला वाटलं, घरी कोणी गेलं.

मामी, ऐकतेस ना? तुझंही दिवसातून एकदा आणि माझ्या ताऱ्याचंही दिवसातून एकदा. आमच्यातला एकजण मला चिडवत होता, बरोबर एक दिवसाचा ठोका असेल तर जरा जपून, दिवस हा पृथ्वीचा असतो, ताऱ्याचा नाही. मी त्याला म्हटलं, एखाद्यानं दिवसातून एकदाच फिरायचं ठरवलं तर आपण कोण? नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला मला हे सगळ्यांसमोर मांडायचं आहे.

मामाजी, वही पाठवा. मात्र एक नियम पाळा. दाबला तेच लिहू नका, नाही दाबला तेही लिहा. त्या वेळी खोलीत कोण होतं, काय चाललं होतं, सगळं. आपल्याला आवडणाऱ्या नोंदी आपोआप लिहिल्या जातात. न आवडणाऱ्यांना मुद्दाम जागा ठेवावी लागते.

रुचिका


भंडारा
१३ नोव्हेंबर २०२४

चि. रुचिकाबाईस वाकून नमस्कार.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली, तुझी आई लाखांदूरहून एसटीनं येऊन ओवाळून गेली आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ मंदाजवळ बसली. आता गावोगावी मंडई सुरू आहे. दिवसा पाहुण्यांची जत्रा, रात्री नाटक. नाटकात नायिकेला क्षयरोग आणि पहिल्या रांगेत सरपंच. आमची पुष्पाबाई नाकाडोंगरीची. माहेरच्या मंडईला जातो म्हणून चार तारखेपासून सातपर्यंत गेली. त्या चार दिवसांत मी पेज करायला शिकलो. पातळ झाली तर उपयोग नाही, घट्ट झाली तर नळीत अडकते. राज्यकारभार यापेक्षा सोपा असावा, कारण तो करणारे मी पाहिले आहेत.

मनिष दिवाळीला आला होता. त्याला मी हाताचं सांगितलं. पोरगा सकाळी दहा ते बारा आईचा हात धरून बसला. काही नाही. दुपारी मात्र मित्रांकडे गेला. संध्याकाळी मी वही दाखवली तर दोन पानं उलटून मिटली आणि म्हणाला, "बाबा, तुमीच दाबून राहिले असान."

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. जाताना तो पाया पडला तेव्हा माझ्या तोंडातून आशीर्वाद निघाला तो सरकारी छापाचा होता.

सोबत वहीची नक्कल. नऊ ऑक्टोबर ते बारा नोव्हेंबर, पस्तीस दिवस. त्यातले एकतीस दिवस चार पंचवीस, एखाद-दुसरं मिनिट मागेपुढे. उरलेले चार दिवस मात्र चुकले. तू सांगितलंस म्हणून तेही लिहिले आहेत. पुष्पाबाई नव्हती तेच चार. त्या दिवशी चार पंचवीसला दाब नाही. शेऱ्यात लिहिलं आहे, 'उशिरा, पाच पंचावन्न'. माझी पेजच सव्वापाचला झाली होती. बाईशिवाय करमलं नसेल तिला, रागावली असेल. रागावण्यात ती अशीच वेळ घ्यायची.

एकतीस आणि चार. शाळेत हे पहिल्या वर्गात पास आहे. मी डॉक्टरला कळवून टाकलं : ताप आला की नागपूर आणि यंत्र. गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिला आहे. तुझं उत्तर आलं की मनिषलाही तेच वाचून दाखवीन. तोवर तुझ्या पंधरा तारखेला मामीचा आणि माझा आशीर्वाद, हा मात्र सरकारी नाही.

तुझा मामा


बंगळूर
२४ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

(पहिला कागद, मामीसाठी)

मामी, माझं चुकलं. ताऱ्याचं काही नव्हतं.

पंधरा तारखेला मी सगळं मांडलं. लोकांनी माना हलवल्या. शेवटी मागच्या रांगेतले एक म्हातारे सर उठले. त्यांनी एकच विचारलं : "एक्स-रे वाढायचे त्या वेळी आपला उपग्रह कुठं असायचा?"

आकाशात ब्राझीलच्या बाजूला एक पट्टा आहे, तिथून जाताना उपग्रहावर बारीक कणांचा मारा होतो. म्हणून तिथं यंत्र बंद ठेवतात आणि बाहेर आल्यावर सुरू करतात. पण यंत्र लगेच शांत होत नाही. काही मिनिटं त्यातच गुरगुर राहते. मी ती मिनिटं पुरेशी गाळली नव्हती. त्या पट्ट्यातून निघून माझ्या ताऱ्याकडे तोंड होण्याची वेळ रोज जवळपास एकच यायची. ती गुरगुर मी ताऱ्याची समजले. दीड वर्ष मी आमच्याच यंत्राचा आवाज ऐकत होते, मामी, आणि आकाशात कोणीतरी बोलतंय म्हणून लिहून घेत होते.

सर नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "रोज ठरल्या वेळी काही घडलं तर आधी स्वतःची झडती घ्यायची. आपण त्या वेळी काय करत होतो?"

(दुसरा कागद)

मामाजी, वही मिळाली. नोंदी फार नीट आहेत. पण पस्तीस दिवस कमी पडतात, इतक्यात काही सांगता येणार नाही. अजून दोन महिन्यांच्या तरी लागतील. तोवर लिहीत राहा.

रुचिका


भंडारा
८ डिसेंबर २०२४

रुचिका,

तुझा पहिला कागद मी मंदाला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला. 'आपण त्या वेळी काय करत होतो' या ओळीपाशी कागद खाली ठेवला. पुढं वाचायला काही नव्हतंच.

वही काढली. मी त्या वेळी काय करत होतो हे माझ्याच अक्षरात पस्तीस वेळा लिहिलेलं आहे. पावणेचार, पाजले. चार वीस, पाठ खाली केली. चार पंचवीस, दाब. आणि त्या चार दिवशी : सव्वापाच, पाजले. पाच पन्नास, पाठ खाली. पाच पंचावन्न, दाब. पेज पोटात राहावी म्हणून पाजल्यावर पस्तीस मिनिटं पाठ वर ठेवायची, मग दांडा फिरवून खाली. तो दांडा मी फिरवत होतो, बाई. आणि मग लगेच चहा घेऊन हात धरून बसत होतो. दिवसातून सहादा तिला पाजतात, सहादा पाठ खाली होते. बाकी पाच वेळी हात धरायला कोणी बसतच नव्हतं. मनिष बसला ते दोन तासही दोन पाजण्यांच्या मधले.

तरी मी कारकून. एका कागदावर फाईल बंद करत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पुष्पाबाईला म्हटलं, दीडला पाज. दोन पाचला दांडा फिरवला. दोन दहाला तिनं हात दाबला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा पाचला फिरवला. सहा दहाला दाबला. तिसऱ्या दिवशी पाठ वरच राहू दिली. चार पंचवीसला मी पाऊण तास बसून राहिलो. चहावर साय आली. काही नाही.

पुष्पाबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भाऊजी, आता कायले करून राहिले असं? राहू द्या."

चौथ्या दिवशी मी टॉवेलाची गुंडाळी केली आणि माझ्या हाताऐवजी ती तिच्या मुठीत ठेवली. दांडा फिरवला. खुर्ची ओढून समोर बसलो.

तिनं टॉवेल दाबला. सावकाश, घट्ट. मग सोडला. माझ्या हातापेक्षा कमी नाही, जास्त नाही.

अठ्ठावीस वर्षांत मी या बाईवर पुष्कळ विनोद केले, ते छापूनही आले. त्या दिवशी मला कळलं की टॉवेलाचा मत्सर वाटू शकतो.

आता तुझ्याबद्दल. तू वही पाहिलीस आणि तुला पहिल्याच पानावर कळलं. तुला कळलं नसतं तर तू ते सगळं ब्राझील मला लिहिलं नसतंस. आणि दुसऱ्या कागदावर 'अजून दोन महिने' लिहिलंस. मी तुझ्यावर सोडलं होतं. तू माझ्याशी खोटं बोललीस.

भिंतीवर गाडीवाल्याचा नंबर आहे तसाच आहे. मी काही ठरवलेलं नाही.

भोजराज


बंगळूर
१६ डिसेंबर २०२४

मामाजी,

हो. पहिल्या पानावर नाही, पण त्या चार उशिराच्या दिवसांवर कळलं. एकतीस नोंदींनी मला काहीच सांगितलं नव्हतं, त्या चारांनी सांगितलं. तुम्ही त्या प्रामाणिकपणे लिहिल्या नसत्या तर मी आजही तुम्हाला शाबासकी देत असते.

मी उत्तर लिहायला बसले होते. तीनदा बसले. "मामाजी, तो दाब तुमच्या दांड्याचा आहे", एवढं एकच वाक्य. ते लिहिलं की तुम्ही भिंतीवरचा नंबर पुसणार हे मला दिसत होतं. तुम्ही म्हणाला होता, तू सांगशील ते ऐकेन. मामीनं मला पाच वर्षं जेवू घातलं. मी रागावून न जेवता गेले तर माझ्या मागं कॉलेजच्या फाटकापर्यंत डबा घेऊन यायची, आणि सगळ्यांसमोर ओरडायची. तिला यंत्रावर ठेवू नका, हे माझ्या हातून लिहिलं जायला नको होतं. म्हणून मी ताऱ्याच्या आड लपले आणि तुम्हालाच शोधायला लावलं. ते जास्त वाईट झालं.

एक गोष्ट सांगते, आणि ही तुमचं मन राखायला नाही. ती गुरगुर गाळून मी पुन्हा मोजलं. ठोका गेला. तारा मात्र गेला नाही, तो आहे तिथं आहे. त्याच्याकडून मला काही कळत नाही, एवढंच कळलं. आत काय आहे ते तुमच्या वहीतून निघत नाही, मामाजी. आहे असंही नाही, नाही असंही नाही.

मी येऊ का? तुम्ही प्रबंध प्रबंध करून मला ऑगस्टपासून अडवलंत. आता विचारत नाही, कळवते. जानेवारीच्या वीस तारखेचं तिकीट काढलं आहे.

तुमची
रुचिका


भंडारा
९ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकाबाईस वाकून नमस्कार.

तू वीस तारखेचं तिकीट काढलंस आणि ती नऊ तारखेलाच निघून गेली. घाई कधी नव्हती तिला, एसटी स्टँडवर पण शेवटी पोचायची. तू दुसऱ्या दिवशी विमानानं आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस, स्वयंपाक केलास, पाहुण्यांना चहा पाजलास. आपण दोघं एकदाही त्या विषयावर बोललो नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तोंडानं बोलायची आपल्याला सवय राहिली नाही. म्हणून लिहितो.

आठ तारखेला ताप चढला. नऊला सकाळी श्वास घरघरू लागला. मनिष आदल्या दिवशीच आला होता. फोन हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, गाडी बोलावू?"

मी म्हटलं, "नको."

त्यानं फोन खिशात ठेवला. माझ्या बाजूला येऊन जमिनीवर बसला. तेराव्याला मी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरनंच नको म्हटलं. ते खोटं होतं. डॉक्टरनं फोनवर मला विचारलं, आणि नको मी म्हटलं. तुझ्या पत्रानं नाही, तुझ्या ताऱ्यानं नाही. माझ्या खोलीत, माझ्या टॉवेलानं जे दाखवलं त्यावरून मी म्हटलं. ते बरोबर होतं की नाही हे मला कधी कळणार नाही. पण ते माझं आहे. त्यातलं तसूभरही तू आपल्या डोक्यावर घेऊन बंगळूरला जाऊ नकोस. भाचीच्या पाया पडतात, भाचीच्या डोक्यावर ओझं ठेवत नाहीत.

दुपारी पाजलं नाही. श्वास लागत होता म्हणून पाठ वरच ठेवली होती. चार पंचवीसला मी तिचा हात धरला. तिनं दाबला नाही. मी दाबला. पाचदा, सहादा. वहीत नोंद नाही. पाच वाजायला आले तेव्हा मनिषनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

लोक येऊन सांगतात, सुटली. कोण सुटलं आणि कशातून, हे त्यांना विचारावंसं वाटतं; पण शोकात असलेल्या माणसानं टोमणे मारू नयेत असा संकेत आहे, आणि गेले चार रविवार मी पुरवणीलाही काही दिलेलं नाही. संपादकांनी शोकसंदेशाच्या शेवटी विचारलं आहे, पुढचा लेख केव्हा.

काल स्वयंपाकघराची वरची फळी आवरली. डब्यांमागं एक पितळी वाटी निघाली. आपल्या भांड्यांवर 'मंदा' कोरलेलं आहे. हिच्यावर 'शकुन'. शेजारच्या शकुनबाई. मी वाटी घेऊन त्यांच्या दारी गेलो. मग कळलं की जुलैत, पावसाची झड लागली होती तेव्हा, मंदानं वडे करायला त्यांच्याकडून वाटीभर लाखोळीची डाळ उसनी नेली होती. पुढच्या बाजारला परत करते म्हणाली होती. पुढच्या बाजारला आम्ही नागपुरात होतो. "वाटी तेवढी ठेवून जा, भाऊजी," त्या म्हणाल्या, "डाळीचं काय एवढं?"

मी वाटी ठेवली नाही. परत घेऊन आलो. रिकामी वाटी दिलेली मंदाला चालली नसती. आणि तिचा हिशेब होता : उसनं आणायचं ते सपाट, द्यायचं ते शीग लावून.

आज रविवारच्या बाजारात गेलो. लाखोळी नवी यायची आहे अजून, जुनीच मिळाली. घरी येऊन निवडली. मला निवडता येत नाही, तासभर लागला. वाटी भरली, वर हातानं शीग रचली. गल्लीतून इतक्या हळू चालत गेलो की कवडू सायकलवाला थांबून बघत राहिला.

शकुनबाई दारातच पालक निवडत होत्या. उठल्या. "अवो, कायले एवढं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मंदानं पाठवली."

त्यांनी पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली.

तुझा
भोजराज मामा